डोंगरावरची आडवी दांडी

वादळ गेल्यापासून मार्व्हा लेटाँ एका जागी बसलेली मी पाहिली नाही. घराचं छप्पर समुद्रात गेलं होतं, पुस्तकांचं कपाट उडून पेरूच्या झाडाला टेकलं होतं, आणि ही आपली सारखी चर्चच्या पायऱ्यांपाशी. तिथं सार्जंट हेस्केथ वायरलेसचा सेट घेऊन बसायचे. ती यायची, "काही?" म्हणून विचारायची. सार्जंट मान हलवायचे. मग ती उतारावरच्या नळापर्यंत जायची आणि नळाला पाणी नाही हे नव्यानं आठवल्यासारखी परत वर यायची.

"टीचर, पायऱ्या झिजतील," टायटस म्हणायचा. "चर्चचं तेवढंच शिल्लक आहे."

टायटस मासेमार. त्याची होडी वाऱ्यानं उचलून नीरफणसाच्या झाडात नेऊन अडकवली होती, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याला टोमणे मारण्यापलीकडे त्याला उद्योग नव्हता. मार्व्हा त्याच्याकडे लक्षच द्यायची नाही. एरवी तिनं त्याला तिथल्या तिथं सुनावलं असतं. गावातल्या अर्ध्या लोकांना तिनं शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि टायटसला तर दोनदा नापास केलं होतं.

तिचा जीव अडकला होता फाँजाँत. फाँजाँ म्हणजे डोंगरापलीकडचं गाव. तिची एकुलती एक लेक, लेनोरा, तिथं नांदत होती, आणि तिला सातवा महिना लागला होता. लेनोराच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला धरून उभी होते मी. म्हणून ती मला नेन, म्हणजे धर्ममाता, म्हणते आणि म्हणून माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. पण मला निदान भट्टी होती. माझी दगडी भट्टी वादळानं सोडली, तेव्हा भिजलेलं पीठ वाळवून मी गावाला पाव भाजून देत होते. हात गुंतले की डोकं थोडं गप्प बसतं. मार्व्हाच्या शाळेची नुसती भिंत उरली होती. तिचे हात मोकळे होते आणि डोकं तापलेलं.

त्यात शेवटचं बोलणं चांगलं झालं नव्हतं. लेनोरा वर्गात पहिली यायची. तिनं त्रिनिदादला जाऊन इंजिनियर व्हावं असं मार्व्हानं तिच्या जन्मापासून ठरवून टाकलं होतं. पण पोरीनं गिल्रॉयशी लग्न केलं. गिल्रॉय केळीच्या बागेत कामाला जायचा आणि उरलेल्या वेळात लोकांची घरं बांधायचा. लग्नात मार्व्हा शेवटच्या बाकावर बसली आणि केकला हात न लावता घरी आली. त्यानंतर दर रविवारी मायलेकी फोनवर बोलायच्या ते फक्त हवापाणी आणि ब्लडप्रेशर. वादळाच्या आदल्या दिवशी लेनोराचा फोन आला होता, "मा, तू आमच्याकडे ये. आमचं घर सिमेंटचं आहे." मार्व्हा म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं बांधलेल्या घरापेक्षा माझं पत्र्याचं बरं." मी तेव्हा तिच्या ओट्यावरच बसले होते. लेनोरानं फोन ठेवला तो आवाज मलासुद्धा ऐकू आला.

आता फोन नव्हते. रस्ता दरीत गेला होता, नदीवरचा पूल मोडला होता, समुद्रात एवढी झाडं तरंगत होती की टाऊनहून होडी येणं अशक्य. राहिला तो सार्जंटचा सेट. गावागावात असा एकेक सेट दिलेला होता, आमच्या आन्स मोर्नेचा सार्जंटांकडे. हातातल्या सेटचा आवाज डोंगर ओलांडून जात नाही. म्हणून डोंगराच्या माथ्यावर एक खांब होता, त्याच्या टोकाला एक दांडी. ती दांडी आमचा बारीक आवाज ऐकायची आणि सगळ्या बेटाला मोठ्यानं ऐकवायची. सार्जंट पोलिसातून निवृत्त झालेले, नियमाचे पक्के. सेट उभा धरायचा, तोंडापासून हातभर लांब, सावकाश बोलायचं, असं त्यांना प्रशिक्षणात सांगितलं होतं. ते अगदी तसंच करत होते. सेटमधून फक्त खरखर यायची.

"खांब गेला," सार्जंट म्हणाले. "संपलं. आता सरकार येईल तेव्हा येईल."

तरी त्यांनी बसणं सोडलं नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं.

एक दिवस दुपारी मी त्यांना पाव आणि सार्डिनचा डबा नेऊन दिला. डबा उघडायला दोन्ही हात लागतात. म्हणून त्यांनी सेट शेजारच्या कठड्यावर आडवा ठेवला. डब्याचं झाकण निम्मं वर आलं असेल नसेल, तोच सेटमधून एका बाईचा आवाज आला, "...ताडपत्र्या पोचल्या का ते कळवा..."

सार्जंटांनी डबा टाकला, सेट उचलला, उभा धरला. "बोला! आन्स मोर्ने बोलतंय! बोला!"

खरखर.

बटणं फिरवून झाली, सेट हलवून झाला. खरखरीशिवाय काही नाही.

"देवाचा आवाज असणार," टायटस म्हणाला. "ताडपत्र्या पाठवतोय तो. पण बाई निघाला, हे फादरना सांगायला पाहिजे."

लोक हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. मार्व्हा कठड्याकडे बघत उभी होती.

"सार्जंट, सेट पुन्हा तिथं ठेवा."

"कशाला?"

"ठेवा तर. होता तसा."

"टीचर, हे सरकारी यंत्र आहे, खेळणं नाही. आधीच त्याच्यात पाणी गेलेलं दिसतंय." सार्जंटांनी सेट छातीशी धरला. त्यांची सार्डिन मातीत पडली होती आणि ते चिडले होते. तिथं त्या वेळी त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता.

मार्व्हा माझ्यामागोमाग भट्टीपाशी आली. मी कणीक मळायला घेतली, तिलाही एक गोळा दिला. ती तो मळत नव्हती, नुसती चिमटत होती.

"ओडील, सेट आडवा होता."

"होता. मग?"

"मग काही नाही." ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. "ध्रुवीकरण. दर वर्षी शिकवते मी. कुंपणाच्या फटीतून दोरी ओवायची, एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं हलवायचं. फट उभी असेल तर वर-खाली हलवलेली लहर पलीकडे जाते, डावी-उजवीकडे हलवलेली अडते. प्रकाशाचंही असंच असतं, लिहून घ्या. झालं. पोरं लिहून घेतात, परीक्षेत उतरवतात. एकदा लेनोरानं वर्गात हात वर केला. म्हणाली, मिस, दोरीत दोरी हलते. प्रकाशात काय हलतं? हलायला काही नसेल तर उभं काय आणि आडवं काय?"

"मग तू काय सांगितलंस?"

"परीक्षेत येतं तेवढं लिही म्हणून सांगितलं." तिनं गोळा परातीत आपटला. "मलाच ठाऊक नव्हतं गं. सूत्रं ठाऊक होती. दोरीच्या पुढं मी कधी गेलेच नाही."

माझ्याही घराला छप्पर नव्हतं. बोलता बोलता तिनं वर पाहिलं. आमचा डोंगर बारा महिने हिरवागार असतो, वादळानं त्याचं पान न् पान ओरबाडून नेलं होतं. तपकिरी, भाजल्यासारखा दिसत होता. एरवी झाडीत लपलेला माथा उघडा पडला होता आणि तिथं उन्हात काहीतरी चकाकत होतं.

मार्व्हानं कणकेचे हात तसेच स्कर्टला पुसले आणि धावली. सार्जंटांची दुर्बीण घेऊनच परत आली. मागून सार्जंट ओरडत येत होते, त्यांच्यामागे टायटस.

"खांब गेलेला नाही," दुर्बीण डोळ्याला लावून ती म्हणाली. "मोडून वाकलाय. ताणाच्या तारा तुटल्यात, बुडाशी सौरपट्टी शाबूत आहे. टोकाची दांडी आडवी पडलीय, डोंगराच्या कण्याला समांतर. सार्जंट, तो खांब बोलतोय. तुम्ही ऐकत नाही आहात."

"मी दिवसभर कान लावून बसतो आणि मी ऐकत नाही?"

"तुम्ही उभा सेट धरून ऐकता. ऐका माझं." ती भराभर बोलत होती, जणू थांबली तर हातचं निसटेल. "त्या दांडीत वीज पुढं-मागं पळते, दांडीच्या लांबीनं. तिच्या पळण्यानं एक धक्का सुटतो आणि हवेतून, रिकाम्या जागेतूनसुद्धा, लांबवर जातो. कुठली वस्तू हलत नाही. नुसता धक्का येतो. पण धक्क्याला दिशा असते. दांडी उभी असली तर वर, खाली, वर, खाली. तो तुमच्या सेटच्या दांडीवर आला की तिच्यातली वीज तसाच धक्का खाते आणि वर-खाली पळते. पळायला लांबी मिळते तिला. आता वरची दांडी आडवी आहे. धक्का येतोय डावीकडे, उजवीकडे. तुमची दांडी उभी. तिच्या जाडीत वीज पळून पळून किती पळणार? एवढीशी तर तार!"

सार्जंट म्हणाले, "बोलण्याला उभं-आडवं असतं, असं इतक्या वर्षांच्या नोकरीत मी ऐकलं नाही."

"तुमचा काळा चष्मा द्या."

सार्जंटांच्या मुलानं त्यांना मायामीहून मासेमारीचा चष्मा पाठवला होता, तो ते चर्चमध्येसुद्धा काढायचे नाहीत. टायटसकडेही तसलाच एक होता, दोरीनं बांधलेला. पाण्यावरची चकाकी त्यातून दिसत नाही, खालचा मासा दिसतो. मार्व्हानं दोन्ही चष्मे घेतले, एकाच्या काचेवर दुसऱ्याची काच ठेवली आणि आभाळाकडे धरून सार्जंटांना बघायला लावलं.

"दिसतंय?"

"दिसतंय. जरा अंधारं आहे."

तिनं पुढचा चष्मा हळूहळू उभा फिरवला. सार्जंट मागे सरकले. "काळं झालं!"

"बघू बघू," म्हणत टायटस पुढं घुसला. त्यानं स्वतः फिरवून पाहिलं. दिसतंय, काळं, दिसतंय, काळं. "दोन्ही काचा चांगल्या आहेत की. मग उजेड गेला कुठं?"

"पहिल्या काचेनं एकाच दिशेचा धक्का पुढं सोडला. दुसरी काच आडवी आली, तिला तो चालत नाही. प्रकाश म्हणजेसुद्धा असाच धक्का, टायटस. सेटच्या लहरी हातभर लांब असतात आणि प्रकाशाच्या डोळ्याला न दिसण्याइतक्या बारीक, एवढाच फरक. पाण्यावरून परतणारी चकाकी बहुतेक आडव्या धक्क्यांची असते, ती तुझा चष्मा अडवतो."

टायटसनं चष्म्यासकट मान वाकडी करून पाहिली. "म्हणून मान वाकडी केली की मासा दिसेनासा होतो होय! मला वाटायचं, मासा मला बघून पळतो."

"शाळेत लक्ष दिलं असतंस तर—"

"शाळेत तुम्ही चष्मा दाखवला असतात तर!"

मार्व्हा एकदम थांबली. तिला ते लागलं, मी पाहिलं. पण तिला थांबायला वेळ नव्हता. "सार्जंट," ती म्हणाली, "सेट आडवा धरा."

सार्जंटांनी सेट आडवा धरला. खरखर. "बघा," ते म्हणाले.

"आता फिरा. हळू. सेट डोंगराच्या कण्याशी समांतर येऊ दे."

एवढा धिप्पाड माणूस नवशिक्या नाचणाऱ्यासारखा जागच्या जागी वळू लागला. खरखर फाटली आणि आतून ती बाई बोलायला लागली. टाऊनच्या मदत केंद्रातून ती एकेक गावाचं नाव घेऊन हाका मारत होती. टाऊनचा सेट दांडगा, आडव्या पडलेल्या दांडीलासुद्धा ऐकू जाईल एवढ्या ताकदीचा. म्हणून तिचा आवाज माथ्यापर्यंत पोचत होता आणि तिथून आडवा होऊन सगळीकडे पसरत होता. आणि गावोगावचे सार्जंट आपापले सेट सरळ उभे धरून बसले होते.

आमचं नाव सांगितल्यावर ती बाई म्हणाली, "आन्स मोर्ने? तुम्ही आहात?" इकडे पायऱ्यांवर लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. सार्जंटांनी औषधं, पाणी, दूध सगळं खणखणीत आवाजात सांगितलं. मग मार्व्हानं त्यांच्या हातातून सेट जवळपास ओढूनच घेतला.

"फाँजाँची काय खबर?"

"काही नाही. तिकडून एकदाही उत्तर आलेलं नाही."

"मग हेलिकॉप्टर पाठवा ना तिकडे."

"एकच आहे, बाई. जिथून हाक येते तिथं आधी जातं."

मला वाटलं होतं, खबर लागायचा मार्ग मोकळा झाला की मार्व्हा निवांत होईल. झालं उलटंच. ती पायऱ्यांवरून खाली-वर करू लागली. "ओडील, ते सेट उभा धरून बसलेत. त्यांना आडवा धरा म्हणून सांगायला हवं, आणि आडवा धरल्याशिवाय त्यांना ऐकू येणार नाही. इथून घसा फोडला तरी उपयोग नाही." मग उभी राहिली. "मी जाते."

"कुठून जाणार? रस्ता आहे का?" सार्जंट म्हणाले.

"डोंगरावरून."

"टीचर, तुमचं वय—"

"माझं वय मला माहीत आहे. तुम्ही इथं सेट आडवा धरून फाँजाँला हाका मारत राहा. थांबू नका."

तिला एकटीला पाठवणं मला शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पाव आणि पाण्याची बाटली घेऊन आम्ही दोघी निघालो. मोडलेल्या पुलाचा लोखंडी सांगाडा नदीत तिरपा पडला होता, त्यावरून बसत, सरकत पलीकडे गेलो. पुढं वाट अशी नव्हतीच. आडव्या झाडांखालून वाकून जायचं, वरून चढून जायचं. ओळखीचा डोंगर, पण एकही ओळखीचं झाड नाही. मार्व्हा सारखी बोलत होती. फोनवरचं ते वाक्य तिनं मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी म्हणाले, "बाई, मी होते तिथं. ऐकलंय मी." तेव्हा थोडी गप्प झाली. मग चिखलात घसरली, गुडघा फुटला, आणि उठून पुन्हा तेच बोलायला लागली.

माथ्यावर खांबापाशी पोचलो. लोखंडी नळी कमरेएवढ्या उंचीवर वाकून आडवी झाली होती. मार्व्हानं तिच्याखाली खांदा लावला.

"काय करतेस?"

"ही वर उचलली तर फाँजाँचा उभा सेट आत्ताच्या आत्ता ऐकायला लागेल. उतरायचीसुद्धा गरज नाही."

"आणि मग आपले सार्जंट? ते आडवा धरून बसलेत तुझ्या सांगण्यावरून."

तिला ते ऐकू आलं असेल असं वाटत नाही. तिनं जोर लावला. नळी कुरकुरली, वाकलेल्या जागेवरचा गंज पापुद्र्यासारखा सुटला आणि आत चीर दिसली. मी तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. "तुटली म्हणजे सगळंच गेलं, मार्व्हा! सोड!" ती सोडेना. मग सोडलं. खांद्यावर गंजाचा पट्टा उमटला होता. आम्ही दोघी त्या नळीकडे बघत धापा टाकत उभ्या राहिलो. खाली एका बाजूला आमचं गाव, दुसऱ्या बाजूला फाँजाँ, आणि दोन्हीकडे तेच, पत्रे उडालेली घरं.

उतरताना ती धावतच होती.

लेनोराचं घर लांबूनच ओळखू आलं. आसपासची लाकडी घरं भुईसपाट झाली होती, हे उभं होतं. छप्पर नव्हतं, पण चारही भिंती होत्या आणि आत शेजारपाजारची सगळी माणसं राहत होती. दारात लेनोरा, नवऱ्याचा शर्ट घातलेली, पोट पुढं, केसांत सिमेंटची धूळ.

"मा? तू कशी आलीस?"

"चालत."

"वेड लागलंय का तुला? नेन, तू तरी हिला थांबवायचंस!"

"हिला?" मी म्हणाले. "मला तू कोण समजतेस?"

मायलेकींनी एकमेकींना मिठी मारली नाही. मार्व्हानं तिच्या पोटावर हात ठेवला, मग कपाळावर. "तू बरी आहेस?"

"मी बरी आहे." आणि तिचा चेहरा कोसळला. "गिल्रॉय बघ."

वादळात शेजारच्या म्हाताऱ्याला ओढून काढताना त्याच्या पायावर भिंत पडली होती. आत जमिनीवर गादी टाकून त्याला निजवलं होतं. गावच्या नर्सनं पाय बांधला होता, होत्या त्या गोळ्या दिल्या होत्या आणि त्या आता संपल्या होत्या. पट्टीच्या वरपर्यंत पाय काळानिळा, सुजलेला. वास येत होता. त्याचं अंग माझ्या भट्टीच्या दगडासारखं तापलं होतं, पण डोळे उघडे होते.

"टीचर," तो म्हणाला. "छप्पर गेलं. भिंती बघा."

मार्व्हा त्याच्याकडे बघत राहिली. "बघितल्या," ती म्हणाली. "चांगल्या बांधल्यास." आणि लगेच वळून, "सेट कुठं आहे?"

सेट मिस युलालींकडे, दुकानवालीकडे होता. त्यात पाणी गेलं अशी त्यांचीही खात्री. म्हणून त्यांनी तो बिस्किटांच्या डब्यात तांदळात पुरून ठेवला होता, वाळायला. एका अर्थी बरंच झालं, बॅटरी खर्च झाली नव्हती. मार्व्हानं तांदूळ झटकले, सेट सुरू केला.

"अगं, तो गेलाय," मिस युलाली म्हणाल्या. "आम्ही काय प्रयत्न केले नाहीत? छपरावर चढलो, झाडावर चढलो, प्रार्थना केली."

अंगणात उभी राहून मार्व्हानं सेट आडवा धरला आणि डोंगराच्या कण्याच्या रेषेत आणला. सेट हलू नये म्हणून मी तिची मनगटं धरली. खरखर. थोडं डावीकडे. आणि एकदम, अगदी शेजारी उभे असल्यासारखे, सार्जंट हेस्केथ. घसा बसलेला, पण आवाज हुकमी, "फाँजाँ, फाँजाँ, सेट आडवा धरा. उभा नको, आडवा. फाँजाँ..." ज्याला ऐकूच येत नाही त्याला तो माणूस सकाळपासून हे सांगत बसला होता.

"सार्जंट," मार्व्हा म्हणाली, "धरलाय."

मग टाऊन. मग गिल्रॉयचा पाय, ताप, गरोदर बाई, म्हातारी माणसं, सगळं. ती बाई म्हणाली, मोकळी जागा करा, पांढरं काहीतरी अंथरा. गावकऱ्यांनी क्रिकेटच्या मैदानावरची झाडं ओढून बाजूला केली. उजेड होता तोवर हेलिकॉप्टर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. तोवर मार्व्हा गिल्रॉयच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती, बदलत होती, मैदानावर जाऊन आभाळाकडे बघत होती, परत येत होती. लेनोरा एकदा म्हणाली, "मा, बस ना जरा. तुझ्याकडे बघून मला धाप लागते." ती बसली आणि दोन मिनिटांत उठली.

हेलिकॉप्टरमध्ये गिल्रॉय आणि लेनोराला घेतलं. आम्हाला जागा नव्हती. पंख्याच्या वाऱ्यात अंथरलेल्या चादरी उडाल्या, मार्व्हा त्यांच्या मागं धावली, गोळा करून छातीशी धरून उभी राहिली, आणि आवाज नाहीसा झाल्यावरही तशीच उभी होती.

टाऊनमध्ये त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर रक्तात विष भिनलं असतं. मुलगी झाली, दिवस पुरे भरल्यावर, टाऊनच्या इस्पितळात. तोवर सेट आडवा धरायची बातमी एका गावातून दुसऱ्या गावात, चालणाऱ्या माणसांच्या तोंडून पसरली होती आणि गावागावांतून हाका यायला लागल्या होत्या. मग इंजिनियर आले, नवा खांब सरळ उभा केला आणि कुणाला काही न सांगता निघून गेले. सगळ्या गावांचे सेट एकदम मुके झाले. सार्जंट सेट घेऊन शाळेच्या तंबूत घुसले, वर्ग चालू असताना.

"टीचर, पुन्हा गेला!"

"उभा धरा."

"तुम्ही लोक एकदाचं काय ते ठरवा!"

पोरं हसून लोळली. मार्व्हानं त्यांना गप्प केलं नाही. तिच्या टेबलावर टायटसचा चष्मा होता, तो तिनं मागून घेतला होता, आणि टायटस दर दोन दिवसांनी येऊन तो परत मागायचा.

नाताळात लेनोरा, गिल्रॉय आणि बाळ आन्स मोर्नेला आले. मार्व्हाच्या घरावर अजून ताडपत्रीच होती. गिल्रॉय कुबड्या टेकत घराभोवती फिरला, भिंतीवर थापट्या मारून पाहिल्या, वासे पाहिले, आणि खुर्ची मागवून अंगणात बसला. बाळ त्याच्या मांडीवर. टायटस आणि मी खालून पत्रे देत होतो आणि वर शिडीवर, कुणाचं न ऐकता, मार्व्हा.

"मा, खाली उतर!" लेनोरा ओरडली. "टायटसला चढू दे!"

"टायटसला सरळ रेषा कळत नाही. दोनदा नापास केलंय मी त्याला." तोंडात खिळे धरून ती बोलत होती. मग खाली बघून तिनं विचारलं, "गिल्रॉय, इथं एक पुरे का?"

"दोन मारा, टीचर. कोपऱ्यावर वारा आधी धरतो. आणि पट्टी आधी ठोका, मग पत्रा."

"पट्टी कुठली?"

"ती लोखंडी. तुम्ही फेकून दिलीत ती."

ती शिडीवरून उतरली, गवतात शोधली, सापडली, पुन्हा चढली. पट्टी ठोकली. एक खिळा वाकला, तिनं तो उपटून समुद्राच्या दिशेनं भिरकावला.

"सावकाश, टीचर," गिल्रॉय म्हणाला.

"टीचर टीचर करू नकोस. हातोडी माझ्या हातात आहे."

बाळ रडायला लागलं. लेनोरानं त्याला उचलून घेतलं आणि आईवर एक डोळा ठेवून अंगणात येरझाऱ्या घालू लागली.